चुकलं पोरी, पुन्हा पाह्य!

माझ्या सासूबाईंचा आवाज अकोल्याच्या एका संस्थेनं रीतसर मंजूर केला होता. त्या आवाजात त्या काय बोलतील, याची मंजुरी घ्यायची तेवढी राहून गेली.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढच्या घोटाळ्याचं खापर कुणावर फोडायचं ते वाचकांना सोपं जाईल. मी याद्या करणारी बाई आहे. फ्रीजवर किराण्याची यादी, कपाटाच्या दारावर इस्त्रीची, देवघराशेजारी सणांची, आणि या सगळ्या याद्या कुठे कुठे लावल्या आहेत त्याची एक यादी पर्समध्ये. एकदा विलासनं (म्हणजे माझ्या नवऱ्यानं) विचारलं, "मंगला, माझं नाव कोणत्या यादीत आहे?"

"दुरुस्तीच्या," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

अमरावतीला राजापेठेत मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. पुढे पोरांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या, तेव्हा तो बंद केला आणि घरी बसून ऑनलाइन कोर्स तयार करायचं काम सुरू केलं. त्याचं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात एकेक पडदा बनवायचा, पडद्यावर चित्र ठेवायचं, चित्राला आवाज जोडायचा. मधूनमधून प्रश्न टाकायचे. शिकणाऱ्यानं बरोबर उत्तरावर क्लिक केलं की शाबासकीचा आवाज, चुकीच्या उत्तरावर केलं की चुकल्याचा. शेवटी माणूस पास की नापास हे सॉफ्टवेअरच ठरवतं आणि तसं नोंदवून ठेवतं. इतकं नीटनेटकं, उलट न बोलणारं आणि सांगितलेलं लक्षात ठेवणारं कुणी मला पहिल्यांदाच भेटत होतं. माझ्या सासरी तरी असं कुणी नव्हतं.

सासर मूर्तिजापूरकडचं. घरी वावर, वावरात कापूस. पण एका वर्षी पाऊस आला नाही, एका वर्षी नको तेव्हा आला, आणि ज्या वर्षी पाऊस शहाण्यासारखा वागला त्या वर्षी कापसाच्या भावानं मान टाकली. शेवटी विलासनं वावर शेजारच्या नामदेवला ठोक्यानं, म्हणजे वर्षाचे पैसे ठरवून, कसायला दिलं, घराला कुलूप लावलं आणि आईंना राजापेठेत आमच्या फ्लॅटवर आणलं. आई यायला तयार झाल्या, पण एक अट घातली.

"माहा कापूस संगं येईन."

"आई, तो तिकडेच विकून टाकू ना," विलास म्हणाला.

"ह्या भावात? भाव येईन तवा विकू. तवरोक ठिवू घरात."

(गावाकडे यात कुणाला काहीच वेगळं वाटत नाही. भावाची वाट पाहत निम्म्या गावाच्या घरात खिडकीपर्यंत कापूस असतो, पोरं त्यावरच झोपतात. पण गावातल्या घराला अंगण असतं. आमच्या फ्लॅटला लिफ्टसुद्धा नव्हती!)

छोटा हत्ती टेम्पो भरून गाठोडी आली. हमाल एकेक गाठोडं दुसऱ्या मजल्यावर चढवत होते आणि खालचे काका जिन्यात उभे राहून विचारत होते, "वहिनी, गादी कारखाना टाकून राहिले काय?" मुलगा शिकायला पुण्याला गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. ती भरली. तिथलं कपाट दिसेनासं झालं. आठवडाभर आम्ही दोघं अंग खाजवत होतो आणि जेवताना वरणातून पांढरे तंतू बाजूला काढत होतो. आई मात्र त्या तंतूंकडे अशा बघायच्या, जशा इतर बायका माहेरच्या पत्राकडे बघतात.

आता घरात सासूबाई आल्या म्हटल्यावर मी काय केलं असेल? यादी केली. नाव दिलं, 'आईंना रमवणे'. त्यात भजनी मंडळ होतं, संध्याकाळची मालिका होती, देवळापर्यंत फेरी होती, समोरच्या काकूंशी ओळख होती. मी एकेक काम पार पाडत गेले आणि बरोबरच्या खुणा करत गेले. सगळ्या कामांवर खुणा झाल्या, आणि आई गॅलरीत उभ्या होत्या.

"काय बघता आई?"

"काई नाई. पानी येते काय पाहून राहिली."

मार्च महिना होता.

सकाळी उठायचं, गॅलरीत जायचं, खालची दुचाक्यांची गर्दी पाहायची, वर आभाळ पाहायचं, आत यायचं. जेवण झालं की पुन्हा गॅलरी. मी विचारायची, "काही हवंय का?" त्या म्हणायच्या, "सारं हाय व बाई." घरात कुठलीही गोष्ट बिघडली की मला ती कुठे बिघडली आहे ते सापडतं. इथे सापडत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की आईंनी गॅलरीत उभं राहणं थांबवावं.

अशात अकोल्याहून नसरीन मॅडमचा फोन आला. गावोगावच्या बायकांना स्वच्छ कापूस वेचणी शिकवण्याचा कोर्स त्यांच्या संस्थेला हवा होता. गावातल्या कॉम्प्युटर केंद्रावर बायका येतील, पडदा बघतील, ऐकतील, उत्तरं देतील, पास होतील. मी नमुना म्हणून एका शिकलेल्या मुलीच्या आवाजात दोन पडदे करून पाठवले होते.

"ताई, आवाज बहुत मीठा है," नसरीन मॅडम म्हणाल्या. "आमच्या बाया ऐकता ऐकता झोपल्या."

"मग कसा हवा?"

"अपने इधरका पाहिजे. घरातला. जो डाँटे भी."

फोन स्पीकरवर होता. त्याच वेळी आतून आईंचा आवाज आला, "विलास! वल्ला टावेल पलंगावर कोन टाकते रे? माय तुही दारात उभी हाय काय उचलाले?"

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"ताई, ये कौन है?"

"माझ्या सासूबाई."

"बस. यही चाहिए!"

मी त्या दिवशी 'आईंना रमवणे' या यादीत शेवटची ओळ वाढवली: कोर्समध्ये गुंतवणे.

राजापेठेत ध्वनिमुद्रण करणं म्हणजे बसस्टँडवर ध्यान लावण्यासारखं. एकीकडे क्लासला जाणाऱ्या पोरांचे हॉर्न, दुसरीकडे भंगारवाला, आणि हे दोघं थांबले की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. पहिल्या दिवशी आईंच्या प्रत्येक वाक्यात एक तरी भंगारवाला होता. मी कानाला हेडफोन लावून घरभर जागा शोधत फिरले आणि मागच्या खोलीचं दार लावल्यावर थबकले. काही ऐकूच येईना! चारी बाजूंनी कापूस. बाहेरची राजापेठ तिथे शिरतच नव्हती. मोठ्या शहरातले लोक असल्या खोलीसाठी भिंतीला काय काय चिकटवतात म्हणे. आमच्याकडे भाव पडल्यामुळे ती आपोआप तयार झाली होती.

आई गाठोड्याला टेकून, पाय पसरून बसल्या. मी माइक पुढे केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "पहिली येचनी हाय ना? मंग सीतादही नाई कराचं?"

(पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे वावरात खडे मांडून पूजा करतात आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. मी म्हटलं, "आई, ही कॉम्प्युटरवरची वेचणी आहे." त्या म्हणाल्या, "कुठचीबी असो.") नाल्यातले खडे मिळेनात म्हणून माझ्या टेबलावरचे काचेचे पेपरवेट मांडले. माइकला हळदीकुंकू लागलं. दहीभाताचं एक शीत कीबोर्डात गेलं, ते अजून तिथेच आहे.

मग वाचन सुरू झालं. आईंनी माझा कागद हातात धरला, तो कपाळाला लावला आणि पोथीच्या चालीवर गायला लागल्या. 'कापूस वेचताना केस झाकून घ्यावेत' ही ओळ इतक्या भक्तिभावानं आली की माझे हात आपोआप जोडले गेले.

"आई, वाचू नका. बोला. घरी बोलता तसं."

"घरी म्या काय बोलतो?" (आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी बोलतो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे आले की मागे कोण पुरुष उभा आहे ते वळून बघतात.)

"विलासला बोलता तसं!"

मग जमलं. चूक उत्तराला काय म्हणायचं, तर माझ्या कागदावर होतं, 'आपले उत्तर चुकीचे आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' आईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं पोरी. पुन्हा पाह्य." इतक्या मायेनं, इतक्या सहज, की चुकावंसंच वाटावं.

आम्ही रोज थोडं थोडं करायचो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आवाज नीट येतोय का ते बघायला मी म्हणायची, "आई, काहीही बोला." आणि आई काहीही बोलायच्या. मी तेव्हा ऐकत नसे. आवाज जास्त झाला की पट्टी लाल होते, कमी झाला की हिरवी, ती पट्टी बघत असे. पट्टी जागेवर आली की म्हणायची, "छान! आता कोर्सचं बोला."

काही दिवसांनी आई माझ्याआधीच खोलीत जाऊन बसायला लागल्या. काम नसलं तरी. गॅलरी ओस पडली. विलास म्हणाला, "आईला नादच लागला गं." मी यादीच्या शेवटच्या ओळीवर खूण केली. दोनदा केली.

कार्यक्रम वेचणीच्या हंगामाच्या तोंडावर, अकोल्याला संस्थेच्या हॉलमध्ये होता. कोर्सचं उद्घाटन, गावोगावच्या बायका, प्रमुख पाहुणे, आणि पहिल्या रांगेत 'कोर्सचा आवाज' म्हणून आमच्या आई. मी आदल्या दिवशी सगळं आटोपायचं ठरवलं होतं. पण भारनियमनाची वेळ अचानक बदलली आणि काम निघायच्या सकाळवर आलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. सगळे आवाज एका कप्प्यात क्रमानं ठेवायचे आणि एक बटण दाबायचं. ते पहिला आवाज पहिल्या जागेला देतं, दुसरा दुसऱ्या जागेला, असं शेवटपर्यंत वाटत जातं. माझे आवाज क्रमानं होतेच! मी काहीही टाकत नाही, काहीही विसकटत नाही, प्रत्येक फाइलला तारीख-वारानुसार क्रमांक देते. म्हणजे आईंनी माइक तपासायला केलेली 'काहीही' बडबडसुद्धा त्याच कप्प्यात, त्याच रांगेत, शिस्तीत उभी होती.

मी बटण दाबलं. पहिले दोन पडदे तपासले. उत्तम! तेवढ्यात लाइट गेली, विलास जिन्यातून ओरडला, "मंगला, बस!" तपासणीच्या यादीत सगळ्या पडद्यांवर खुणा होत्याच. (मी खुणा आधी करून ठेवते. त्यानं कामाला हुरूप येतो.)

हॉल गच्च भरला होता. आईंच्या गावच्या बायकाही आल्या होत्या. आईंसोबत वर्षानुवर्षं वेचणीला जाणारी शांताबाई मागून ओरडली, "काय व रुक्माबाई, शयरात जाऊन गोरी झाली व तू!" आईंनी मागे वळून हात हलवला, तो बराच वेळ खाली आलाच नाही.

पहिला पडदा. पांढरंशुभ्र बोंड, आणि आईंचा आवाज: "रामराम बायांनो. कापूस कसा येचाचा, ते आज पाहू." टाळ्या! दुसरा पडदा. टाळ्या! नसरीन मॅडमनं माझा हात दाबला.

तिसरा पडदा. रुमालानं केस झाकलेली बाई. आवाज आला:

"मंगल, ह्या डबीत बोलू का त्या डबीत? अन् हे लाल लाल काय लुकलुकून राहिलं व? इझव ते. कापसाले आग लागन!"

हॉल हसला. मी हसले नाही. मला पुढचं सगळं एकदम दिसलं.

चौथा पडदा. खताचं प्लॅस्टिकचं पोतं, त्यावर मोठी लाल फुली. आवाज: "याले आधी रुमालानं घट्ट बांधा. केस खाली आले नाई पाह्यजे."

"ताई," नसरीन मॅडम कुजबुजल्या, "ये क्या हो रहा है?"

"आवाज सरकलेत."

"कहाँ सरके?"

"पुढे."

मी लॅपटॉपकडे धावले. बंद करायला गेले, तर होईना. शिकणारा अर्ध्यातून पळून जाऊ नये म्हणून 'मधूनच बाहेर पडणे' ही सोय कुणी बंद केली होती? मीच! वायर उपटली. लॅपटॉप चालूच. आदल्या दिवशीच्या भारनियमनाला कंटाळून त्याच संध्याकाळी त्याला नवीकोरी बॅटरी कुणी घातली होती? आणि स्पीकरवाल्याला खूण करावी, तर बायकाच ओरडल्या, "राहू द्या व बाई चालू! भल्ली मजा येऊन राहिली!"

तोवर प्रश्नाचा पडदा आला आणि सूत्रसंचालकानं प्रमुख पाहुण्यांच्या हातात माउस दिला. पाहुणे जन्मभर शेतीचा विषय शिकवून निवृत्त झालेले. प्रश्न होता, कापूस कधी वेचावा? त्यांनी सावकाश चष्मा लावला आणि 'दव सुकल्यावर' या उत्तरावर क्लिक केलं. अगदी बरोबर.

"चुकलं पोरी. पुन्हा पाह्य."

पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. पुन्हा तिथेच क्लिक केलं.

"चुकलं पोरी. पुन्हा पाह्य."

आता बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पाहुण्यांनी नाइलाजानं चुकीच्या उत्तरावर क्लिक करून पाहिलं. तिथे प्रश्नाचा आवाज जाऊन बसला होता. "सांगा बरं, कापूस कवा येचाचा?"

"अहो, तेच तर सांगून राहिलो मघापासून!" पाहुणे पडद्यावर ओरडले आणि माउस ठेवून खुर्चीत जाऊन बसले.

पुढच्या पडद्यावर शीर्षक आलं, 'ओला कापूस वेगळा ठेवा'. आणि आवाज सुरू झाला:

"काय बोलू? विलास लायना होता ना, तवा कापसाच्या ढिगात लपे. एकडाव तिथंच झोपला अन् झोपेत मुतला. मंग ह्याच्या बापानं तेवढा कापूस येगळा काढून वाळू घातला."

पहिले दोन पडदे सोडले, तर संपूर्ण कोर्समध्ये चित्र आणि आवाज जुळला, तो हा एकमेव पडदा.

विलास भिंतीला टेकून उभा होता. सगळा हॉल त्याच्याकडे वळला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि कारण नसताना चष्मा पुसायला लागला. (तो चष्मा माझा होता.)

आणि मग शेवटचा पडदा आला. सोनेरी चौकट, चारी कोपऱ्यांत फुलं, मधोमध 'अभिनंदन!'. हसणं अजून ओसरलं नव्हतं, म्हणून पहिले शब्द कुणाला कळले नाहीत. मग हळूहळू रांगा गप्प होत गेल्या.

"...कायीबी बोल म्हंते. काय बोलू बाई? सारं हाय इथं. नळ हाय, पंखा हाय. सून गरम गरम वाढते. पन सकाळी उठलं का कुठी जावं, समजत नाई. तिकडं उठलं का वावरात जाओ. इथं उठलं का गॅलरीत जातो, गॅलरीतून घरात येतो. ह्या खोलीत बरं वाटते. कापसाचा वास येते. म्हनून येऊन बसतो इथं. तुह्या त्या कोरसाचं मले कायी नाई व मंगल, पन तू बोलावते तं बसाले भेटते. ...झालं काय तुहं? लागली काय पट्टी?"

आणि त्यामागून माझा खणखणीत, व्यवस्थित आवाज: "छान! आता कोर्सचं बोला."

तिथे कोर्स संपला. पडद्यावर फुलं हलत होती. (ती मीच हलती केली होती. फार वेळ गेला होता त्यात.)

मी आईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी पडद्याकडे पाहत विचारलं, "हे कोन बोललं व?"

"तुम्हीच, आई."

आईंनी थोडा विचार केला. "बरोबर बोलली मंग," त्या म्हणाल्या.

मागून शांताबाईचा आवाज आला, "रुक्मे, चाल ना मंग घरी! कायले लोकाइच्या गॅलऱ्या झाडून राहिली?"

कोर्सचं काय होणार याची मला धाकधूक होती. नसरीन मॅडम बाहेर मला कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि मी माफी मागायच्या आत म्हणाल्या, "ताई, दुरुस्त करून द्या. पण वो 'चुकलं पोरी' को हात नका लावू. बाया जाता जाता एकमेकीले तेच म्हणून राहिल्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "और अम्मा को..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. तशी त्यांना वाक्यं अर्धी सोडायची सवय नव्हती.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी, मागच्या बाकांवर शांताबाई आणि मंडळी. मी पर्समधून कागद काढून नवी यादी करत होते: गॅलरीत कुंड्या लावणे. मोठ्या कुंड्या लावणे. कापसाचं झाड कुंडीत येतं का, विचारणे.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली. आई उठल्या.

"पाणी पाहिजे काय आई? मी आणतो," विलास म्हणाला.

"पानी नाई पाह्यजे. मी उतरतो."

"घराला कुलूप आहे आई," विलास म्हणाला.

आईंनी कमरेची पिशवी सोडून किल्ली दाखवली.

"औषधं?" मी विचारलं.

"हाय पिशवीत."

"कपडे?"

"तिकडच्या पेटीत हाय."

"आई, वावर तर ठोक्यानं दिलंय," विलास म्हणाला. "करणार काय जाऊन?"

"दिलं ना. म्या काय वापस मांगून राहिली? नामदेव वेचाले बाया लावनच. मी जाईन तेच्यात."

"स्वतःच्याच वावरात मजुरीनं?"

"मंग? दुसऱ्याच्या वावराची वाट मले कुठी मालूम हाय?"

कंडक्टर दारातून ओरडला, "आजी, उतरता का बसता? एक कायी ठरवा!"

"उतरतो रे बापा. ह्याइची परीक्षा सरू दे आधी."

परीक्षा सरली होती. विचारण्यासारखं माझ्याकडे आणखी काही उरलं नव्हतं, आणि आईंची सगळी उत्तरं बरोबर होती. विलास खाली उतरला, त्यानं त्यांची पिशवी शांताबाईच्या ऑटोत ठेवली आणि उगीचच ऑटोवाल्याला रस्ता समजावून सांगितला. तो ऑटोवाला त्याच गावचा होता.

बस सुटल्यावर मी त्यांच्या जागेकडे पाहिलं. सीटवर पदरातून पडलेली एक सरकी होती, कापूस चिकटलेली. मी ती उचलली. कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून मुठीतच धरून अमरावतीपर्यंत आले.

आठ दिवसांनी आईंचा फोन आला. "कापूस पाठवून दे." भाव काही आलेला नव्हता. पुन्हा छोटा हत्ती, पुन्हा हमाल, पुन्हा जिन्यात काका: "काय वहिनी, कारखाना बुडाला काय?" कपाट पुन्हा दिसायला लागलं. मी खोली झाडली, पुसली, आणि पुढच्या कोर्ससाठी तिथे बसून बोलायला सुरुवात केली, तर माझाच आवाज भिंतीवरून परत आला. त्याच्यामागून भंगारवाला आला.

तेव्हापासून फोनवर आई भेटतात, पण त्यांना वेळ नसतो. "हो. बरी हाय. वेचाले चालली. ठिवतो." एवढंच. आम्ही गावी जातो तेव्हा त्या वावरात असतात, संध्याकाळी येतात, पदरातला कापूस काढतात आणि विचारतात, "तुमी कायले आले? काई झालं काय?"

इकडे विलास ओला टॉवेल पलंगावर टाकतो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहतो. कुणी काही बोललं नाही की स्वतःच उचलून वाळत घालतो. परवा मला म्हणाला, "गॅलरीत काय बघतेस गं?"

"काही नाही. पाऊस येतो का बघत होते."

जानेवारी महिना होता.

कोर्स दुरुस्त केला. तो आता गावोगावी चालतो, सगळे आवाज आपापल्या जागी आहेत. शेवटचा तो आवाज मी वेगळा काढून ठेवला आहे, आणि तो कुठे ठेवला आहे हे एकाही यादीत लिहिलेलं नाही. दुपारी काम संपलं की मी मागच्या खोलीत जाते, कोर्स उघडते, माझं नाव टाकून आत शिरते. बोंड दिसतं, रामराम होतो. मग प्रश्न येतो, कापूस कधी वेचावा? दव सुकल्यावर, हे मला झोपेतही सांगता येईल. मी 'पहाटे दव असताना' वर क्लिक करते.

"चुकलं पोरी. पुन्हा पाह्य."

मी पुन्हा तिथेच क्लिक करते.

गेल्या आठवड्यात नसरीन मॅडमचा फोन आला. "ताई, कोर्स एक नंबर चालून राहिला. सगळ्या बाया पास! बस, एक नाव लाल दिसते. रोज येते, रोज फेल. ये मंगला कौन है? आपके पहचान की है क्या?"

मी जरा घसा साफ केला.

"आहे ओळखीची," मी म्हटलं. "कच्ची आहे हो बिचारी. पण हजेरी बघा की तिची!"